प्रत्येक पोटदुखी ‘ॲसिडिटी’ नसते

भिवंडीतल्या नारपोलीच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळी चालू असताना कामगाराच्या पोटात जोराची कळ आली, तर पुढे काय होणार हे जवळपास ठरलेले असते. आधी तो पोट दाबून, पुढे वाकून मागाशेजारी बसतो. सोबती सोड्याची बाटली किंवा ॲसिडिटीची गोळी आणून देतो. सकाळपर्यंत दुखणे थांबले नाही, तर गल्लीतल्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेतले जाते. त्यानेही भागले नाही, तर संध्याकाळी सलाइनची बाटली लागते. मजुरी विणलेल्या कापडावर ठरत असल्याने पाळी बुडवणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडवणे. म्हणून ‘जरा बरे वाटतेय’ असे म्हणत माणूस पुन्हा मागावर उभा राहतो. मोठ्या रुग्णालयाच्या दारात तो पोहोचतो, तोवर दीड-दोन दिवस उलटलेले असतात.

बहुतेक वेळा हे दुखणे खरोखरच अपचनाचे किंवा आम्लपित्ताचे असते आणि ही सगळी रीत खपून जाते. पण ते स्वादुपिंडाच्या दाहाचे, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘पॅन्क्रिएटायटिस’ म्हणतात त्याचे असेल, तर हेच दीड-दोन दिवस फार महागात पडतात. गंभीर झालेला हा आजार रुग्णाला आठवडेच्या आठवडे अतिदक्षता विभागात ठेवतो, घर कर्जात बुडवतो आणि काही जणांचा जीव घेतो. हे सारे टाळण्यासाठी लागणारे ज्ञान नवे नाही आणि साधनेही दुर्मीळ नाहीत. अडचण आहे ती तीन ठिकाणी होणाऱ्या हयगयीची: दुखणे ओळखताना, कारण काढून टाकताना आणि दारूविषयी बोलताना.

स्वतःलाच पचवणारा अवयव

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवे पसरलेले असते. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. त्याच्याकडे दोन कामे आहेत. एक, इन्शुलिन आणि ग्लुकागॉन रक्तात सोडून साखरेवर ताबा ठेवणे. दुसरे, रोज सुमारे एक ते दीड लिटर पाचकरस तयार करून लहान आतड्याच्या पहिल्या भागात पोहोचवणे. या रसात प्रथिने, चरबी आणि पिष्टमय पदार्थ तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात.

मांसही पचवू शकणारा हा रस ज्या ग्रंथीत तयार होतो, ती स्वतः मांसाचीच असते. तिचे रक्षण होते ते एका सोप्या युक्तीने. प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात तयार होते आणि आतड्यात पोहोचल्यावरच जागे होते. काही कारणाने ते आतच जागे झाले, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. १८९६ मध्ये हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञाने हा ‘आत्मपचना’चा विचार मांडला. त्यात पुढे अनेक बारकावे जोडले गेले, पण आजार समजून घ्यायला तो आजही पुरेसा आहे.

ग्रंथीला सूज येते, तेव्हा गोष्ट तिथेच थांबत नाही. दाहामुळे शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातले पाणी पोटाच्या पोकळीत आणि ऊतींमध्ये उतरते, रक्तदाब घसरतो, लघवी कमी होते, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे अडचणीत येतात. पोटदुखीने सुरू झालेल्या आजारात दुसऱ्या दिवशी श्वास का लागतो, याचे उत्तर इथे आहे. दवाखान्यातून घरी आणि घरून मेडिकलमध्ये फेऱ्या मारण्यात जातात ते तास नेमके हेच असतात.

दिलासा असा की, साधारण पाचापैकी चार रुग्णांमध्ये हा दाह सौम्य राहतो आणि आठवडाभरात ओसरतो. उरलेल्यांपैकी काहींमध्ये ग्रंथीचा भाग मृत होतो, त्यात जंतुसंसर्ग होतो किंवा एखादा अवयव निकामी होतो. अवयव निकामी होणे ४८ तासांहून अधिक टिकले, तर आजार गंभीर मानला जातो. कोणाचा दाह कोणत्या वाटेने जाणार, हे पहिल्या काही तासांत चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकावर नजर ठेवावी लागते.

दुखणे कसे ओळखावे

या पोटदुखीची एक ठेवण असते. ती वरच्या पोटात, बेंबीच्या वर सुरू होते, पाहता पाहता वाढते आणि अनेकांना पट्ट्यासारखी पाठीकडे जाते. ती तासन् तास टिकते. उलट्या होतात, पण उलटीनंतर हलके वाटत नाही. उताणे झोपले की वाढते, पुढे वाकून बसले की किंचित कमी होते. मागाशेजारी वाकून बसलेला तो कामगार नकळत हेच सांगत असतो.

निदानासाठी जगभर एक सरळ नियम पाळला जातो. तीनपैकी दोन गोष्टी असाव्यात: अशी ठरावीक ठेवणीची वेदना, रक्तातील लायपेझ किंवा अमायलेझचे प्रमाण वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयवर दिसणारा दाह. दोन रक्तचाचण्यांपैकी लायपेझ अधिक भरवशाची, कारण अमायलेझ काही दिवसांतच खाली येते. उशिरा आलेल्या रुग्णात ते फसवे ठरू शकते.

इथे नातेवाइकांची एक नेहमीची गल्लत होते. लायपेझ ३००० आले म्हणून आजार जास्त आणि ६०० आले म्हणून कमी, असे नसते. हा आकडा दाह आहे की नाही एवढेच सांगतो, तो किती गंभीर आहे हे सांगत नाही. त्यामुळे रोज लायपेझ मोजण्यात पैसे घालवण्यात अर्थ नाही. नाडी, श्वास, लघवीचे प्रमाण, रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या खरे चित्र दाखवतात. वेदना आणि रक्तचाचणी स्पष्ट असतील, तर पहिल्याच दिवशी सीटी स्कॅनचा आग्रहही धरू नये. ग्रंथीचा किती भाग मृत झाला आहे, हे साधारण तीन दिवसांनंतरच नीट दिसते. सोनोग्राफी मात्र लगेच हवी, कारण पित्ताशयात खडे आहेत का, हे तिथे कळते.

गल्लीतल्या डॉक्टरांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. दिवसाकाठी पोटदुखीचे अनेक रुग्ण येतात, त्या प्रत्येकाची लायपेझ चाचणी करायची का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. करायची नाहीच. पण वरच्या पोटात तीव्र वेदना, तीही काही तास टिकलेली, सोबत उलट्या आणि एका इंजेक्शनने न शमणारी, एवढी चार लक्षणे एकत्र आली, तर रुग्णाला घरी न पाठवता रुग्णालयाचा रस्ता दाखवायला कोणतीही महागडी चाचणी लागत नाही. वेदनाशामक देणे ही चूक नाही, या आजारात ते द्यावेच लागते. वेदना दबल्यावर ‘आता झोप’ म्हणणे ही चूक आहे. अशाच ठिकाणची वेदना हृदयविकाराचीही असू शकते, हे लक्षात घेतले तर ईसीजी न काढता दिलेली ॲसिडिटीची गोळी किती धोक्याची, हे वेगळे सांगायला नको.

खडे, दारू आणि बाकीची कारणे

या दाहाची दोन मोठी कारणे म्हणजे पित्ताशयातील खडे आणि दारू. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात जवळपास एकाच दारातून उघडतात. पित्ताशयातला बारीक खडा घरंगळत येऊन त्या दारात अडकला, की मागे स्वादुपिंडात गडबड सुरू होते. १९०१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात यूजीन ओपी यांना एका शवविच्छेदनात नेमका असा अडकलेला खडा सापडला आणि दोन आजारांमधला दुवा जुळला. मोठ्या खड्यापेक्षा बारीक खडे अधिक त्रास देतात, कारण तेच नलिकेत उतरू शकतात.

भिवंडीच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. पित्ताशयातील खडे दक्षिण भारतापेक्षा उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, खूप जास्त आढळतात. नारपोलीतल्या मागांवर आणि आसपासच्या गोदामांत काम करणाऱ्यांपैकी मोठा वर्ग उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेला आहे. खड्यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त असते. त्यामुळे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार दुखते, असे सांगणाऱ्या बाईला ‘गॅस झालाय’ म्हणून परत पाठवण्याआधी एक सोनोग्राफी व्हायला हवी.

दारूचे नाते वेगळे आहे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्यांत धोका वाढतो आणि एखाद्या रात्री अति झाल्यावर झटका येतो. बिडी-सिगारेटने तो आणखी वाढतो. तंबाखूचा धूर हे स्वादुपिंडाच्या दाहाचे स्वतंत्र कारण आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. रक्तातले ट्रायग्लिसराइड १००० मिलिग्रॅमच्या वर जाणे, कॅल्शियम वाढणे, काही औषधे, पोटावरचा मार आणि काही जनुकीय दोष हीदेखील कारणे आहेत.

म्हणूनच ‘स्वादुपिंडाचा आजार म्हणजे दारुडा’ हे समीकरण अन्यायाचे आहे. केरळमध्ये कधीही दारू न घेतलेल्या तरुणांमध्ये, अगदी मुलांमध्येही, स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह होण्याचा प्रकार गेल्या शतकातच डॉक्टरांच्या लक्षात आला. त्याचा दोष आधी आहारातल्या टॅपिओकाला दिला गेला. नंतर भारतीय संशोधकांना अशा अनेक रुग्णांत ‘स्पिंक-१’ या जनुकातील बदल सापडला. पित्ताशयात खडे असलेल्या, कधी थेंबही न घेतलेल्या गृहिणीला रुग्णालयात ‘किती पिता’ असे हसत विचारले जाते, तेव्हा अपमान तिचा एकटीचा होत नाही. शेजारच्या खाटेवरचा खरोखर पिणारा माणूसही ते पाहून खरे सांगेनासा होतो.

कर्करोगाची भीतीही इथेच नीट समजून घ्यावी. गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत लीलावती रुग्णालयात दाखल केले, तेव्हा स्वादुपिंडाला सौम्य दाह असल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले आणि १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वर्षभरात ‘स्वादुपिंड’ हा शब्द मराठी घरांत पोहोचला, पण दाह आणि कर्करोग यांची मनात सरमिसळही झाली. दाह झालेल्या बहुसंख्य रुग्णांना कर्करोग नसतो. मात्र चाळिशी ओलांडलेल्या रुग्णात दाहाचे कोणतेच कारण सापडत नसेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून गाठ नाही ना, याची खात्री करून घ्यावी. घाबरण्याऐवजी ही एक तपासणी चुकवू नये, इतकेच.

उपचार साधे, पण नजर ठेवून

स्वादुपिंडाचा दाह थांबवणारे खास औषध अजून नाही. ‘डॉक्टर, एखादे भारी इंजेक्शन द्या’ या विनंतीला म्हणूनच उत्तर नसते. उपचार तीन गोष्टींवर उभे आहेत: शिरेतून पुरेसे पाणी, वेदनेवर नीट इलाज आणि लवकर अन्न.

पाण्याच्या बाबतीत समज गेल्या काही वर्षांत बदलली आहे. पूर्वी जितके जास्त सलाइन तितके चांगले, असे मानत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ या बहुदेशीय चाचणीत २४९ रुग्णांची तुलना झाली. भरमसाट द्रव दिलेल्या गटात २०.५ टक्के रुग्णांच्या शरीरात पाणी साचले, तर बेताने दिलेल्या गटात ६.३ टक्के. फायदा दिसत नव्हता आणि धोका दिसत होता, म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणजे द्रव हवाच, पण लघवी, नाडी आणि श्वास पाहून मोजून. दवाखान्यातल्या बाकावर लावलेल्या एका बाटलीने हे काम होत नाही. दर काही तासांनी रुग्णाकडे पाहणारे कोणीतरी लागते.

अन्नाच्या बाबतीतही जुना नियम मागे पडला आहे. ‘स्वादुपिंडाला विश्रांती’ म्हणून रुग्णाला अनेक दिवस उपाशी ठेवत. आता सौम्य आजारात उलट्या थांबून भूक लागली, की पहिल्या दिवसापासूनच मऊ भात, मुगाची खिचडी असे कमी तेलाचे अन्न देतात. खाता येत नसेल, तर नाकातून नळी घालून आतड्यात अन्न पोहोचवणे शिरेतून पोषण देण्यापेक्षा चांगले. आतडे रिकामे राहिले, की त्याची भिंत कमकुवत होते आणि तिथले जंतू सूज आलेल्या ग्रंथीपर्यंत पोहोचू शकतात. संसर्गाचा पुरावा नसताना केवळ ‘खबरदारी’ म्हणून दिलेल्या अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हेही आता स्थिरावलेले मत आहे. ताप, थंडी आणि डोळ्यांना पिवळेपणा असेल, तर मात्र पित्तनलिकेत संसर्ग असू शकतो. तिथे दुर्बिणीने नलिका मोकळी करण्याची घाई करावी लागते.

घरी सोडताना राहून जाते ते

सौम्य दाह ओसरतो, रुग्ण उठून चालू लागतो, बिल भरले जाते आणि ‘खडे नंतर काढू, दीड महिन्याने या’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. नेदरलँड्समधील ‘पाँचो’ चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. सौम्य दाहाच्या रुग्णांचे पित्ताशय त्याच मुक्कामात काढले, तर पुढच्या सहा महिन्यांत खड्यांच्या त्रासाने पुन्हा दाखल होण्याचे किंवा दगावण्याचे प्रमाण ५ टक्के राहिले. तीन-चार आठवड्यांनी शस्त्रक्रिया ठरवलेल्यांमध्ये ते १७ टक्के होते.

सार्वजनिक रुग्णालये यावर खाटांची टंचाई आणि शस्त्रक्रियांची लांबलचक यादी दाखवतील. ती अडचण खरी आहे. पण दुसरा झटका घेऊन परतणारा रुग्णही खाटच अडवतो आणि या वेळी कदाचित अतिदक्षता विभागातली. शिवाय ‘दीड महिन्याने या’ हे वाक्य नोकरदाराला जितके सोपे, तितके मागावरच्या कामगाराला नाही. तो दरम्यान गावी जातो, दुसऱ्या शहरात काम धरतो किंवा दुखत नाही म्हणून विसरतो. पुढची कळ त्याला प्रवासातही गाठू शकते. पित्ताशयाची शस्त्रक्रिया पहिल्याच मुक्कामात करणे हा अपवाद न राहता नियम व्हायला हवा. जिथे ते शक्य नाही, तिथे तारीख लिहून देऊनच रुग्णाला सोडायला हवे.

पैशांच्या बाबतीत एक माहिती अशा वस्त्यांमध्ये पोहोचलेली नाही. महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. परराज्यातल्या कामगाराकडे गावाकडचे आयुष्मान कार्ड असेल, तर ते इथल्या संलग्न रुग्णालयातही चालते. दाखल होतानाच ‘योजनेत बसते का’ हे आरोग्यमित्राला विचारायला हवे, बिल झाल्यावर नव्हे. रात्री वाहन मिळत नसेल, तर १०८ हा क्रमांक आहे. कारखान्याच्या मुकादमाच्या भिंतीवर पाळीच्या तक्त्याशेजारी हा क्रमांक लिहिलेला असला, तर मालकाचे काहीच जात नाही.

दारूमुळे झालेल्या दाहात तर कारण काढण्याचा प्रयत्नही अनेकदा होत नाही. कागदावर ‘मद्यपान टाळावे’ असे लिहिले, की कर्तव्य संपते. फिनलंडमधील टाम्पेरे येथे १२० रुग्णांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक साधा प्रयोग केला गेला. एका गटाशी रुग्णालयात एकदाच संवाद साधला. दुसऱ्या गटाशी परिचारिकेने दर सहा महिन्यांनी बोलावून, दोन वर्षे, अर्धा तास बोलणे केले. दुसऱ्या गटात आजार परतण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी राहिले. यात ना नवे औषध होते, ना यंत्र. उपदेश न करता ऐकून घेणारे एक माणूस होते.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ ते करत आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवाही आहे. उरतो तो प्रश्न रुग्णालयाच्या खाटेपासून या दारांपर्यंत माणसाला पोहोचवण्याचा. वेदनेने हादरलेला माणूस दारू सोडण्याच्या विचाराला जितका तयार असतो, तितका तो पुन्हा क्वचितच असेल. ती वेळ कागदावरच्या दोन शब्दांत वाया घालवू नये.

आजार परत परत आला, तर ग्रंथी आकसते, तिच्यात चुन्याचे खडे जमतात आणि दाह कायमचा होतो. मग अन्न पचत नाही, शौचाला तेलकट, चिकट, दुर्गंधीयुक्त होते, वजन उतरते. या टप्प्यावर विकरांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, त्याही जेवणाच्या सोबत. उपाशीपोटी घेतल्या, तर त्यांचा उपयोग होत नाही. इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मेल्याने मधुमेह होतो. म्हणून एकदा दाह होऊन गेलेल्यानेही वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासून घ्यावी. अशक्त होत चाललेल्या तरुण कामगाराला ‘टीबी असेल’ म्हणून तपासताना शौचाविषयी एक प्रश्न विचारला, तर काही वर्षांचा भटकंतीचा काळ वाचू शकतो.

यातून मागण्या फार मोठ्या निघत नाहीत. उपजिल्हा रुग्णालयात लायपेझ चाचणी आणि सोनोग्राफी रात्रीही व्हावी. न शमणाऱ्या वरच्या पोटदुखीला घरी पाठवू नये. खडे असतील, तर ते काढल्याशिवाय किंवा तारीख दिल्याशिवाय रुग्णाला सोडू नये. दारू हे कारण असेल, तर समुपदेशकाशी भेट ही उपचारांच्या कागदावर औषधाइतकीच पक्की लिहावी. भिवंडीत रात्रभर माग चालतात, त्यामुळे पोटदुखीही रात्रीच उठणार. पुढच्या वेळी मागाशेजारी वाकून बसलेल्या सोबत्याला गोळी देणाऱ्याने एवढेच विचारावे: ‘पाठीत पण दुखतंय का? किती वेळ झाला?’ उत्तर ‘हो’ आणि ‘कधीचं’ असे आले, तर गोळी खिशातच ठेवून गाडी बोलवावी.